कर्नलसाहेबांचं नेतृत्व

माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत मी ज्या माणसाला सगळ्यात जास्त सॅल्यूट ठोकले, त्याच्याबद्दल माझ्या मनात एक दिवसही आदर नव्हता. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण सैन्यातून बाहेर पडलेल्याने सैन्याबद्दल गोडच बोलायचं असतं असा आपल्याकडे दंडक आहे. बाईने तर विशेषच. तुला संधी दिली ना? मग गप्प बस.

संधी मिळाली हे खरं. आमची नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला वाडी होती. वांगी, कोबी, मेथी, आणि बांधाच्या कडेने झेंडू. कॉलेजात मी छात्रसेनेत होते, आणि वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, ती कवायत म्हणजे प्रकृतीला चांगलं असं काहीतरी वाटायचं. मग एक दिवस पेपरात जाहिरात आली की मुलींनाही आता सैन्यात अधिकारी म्हणून घेणार आहेत. पाच वर्षांसाठी, फार तर दहा. चुलते म्हणाले, "तिथं बायका काय करणार? चपात्या लाटणार?" दादा मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "कोबीची गोणी ही एकटी उचलून टेम्पोत टाकती. बंदूक काय त्याच्यापेक्षा जड हाय का?" विषय संपला. पंचाण्णव साली मद्रासच्या अकादमीतून मी खांद्यावर तारा लावून बाहेर पडले, आणि मला पुरवठा विभाग मिळाला. म्हणजे सैन्याच्या पोटाची व्यवस्था.

पहिली तीन वर्षं आसामात गेली. तिथला कमांडिंग ऑफिसर चांगला होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या साहेबाबद्दल बहुतेक वेळा नसतंच. तो सकाळी यायचा, काम सांगायचा, झालं का विचारायचा आणि आपलं काम करायचा. सगळे साहेब असेच असतात अशी माझी समजूत झाली, आणि त्याच समजुतीत मी अठ्ठ्याण्णव साली बदलीवर नाशिकच्या बाजूच्या छावणीत एका पुरवठा डेपोत रुजू झाले. घरापासून तासाभराच्या अंतरावर. आईने देवाला नारळ फोडला.

डेपोचे कमांडिंग ऑफिसर कर्नल होते. मराठीच. पहिल्या मुलाखतीला मी आसामातल्या पुरवठ्याचा सगळा आढावा पाठ करून गेले होते. पुरात वाहून गेलेला रस्ता, बोटीतून पोचवलेलं पीठ. कर्नलसाहेबांनी खुर्ची दाखवली.

"बस, बेटा. लग्न झालं?"

"नाही, सर."

"मग? आई-वडील बघतायत की नाही?"

"सर, मी आसामात..."

"हो, हो, ते कागदावर आहे. हस्ताक्षर चांगलं आहे का तुझं? निमंत्रणपत्रिकांना लागतं."

आमच्या डेपोत सहा अधिकारी होते. बाकीच्या पाच जणांना ते मेजर, कॅप्टन, लेफ्टनंट म्हणत. मी एकटीच बेटा. बेटा हा शब्द ऐकायला किती मायेचा! पण ज्याला बेटा म्हटलं त्याच्या हातात कुणी कंपनी देत नाही. मला जवानांच्या कुटुंबांचं कल्याण, पाहुण्यांचं स्वागत आणि पुष्पगुच्छ असं खातं मिळालं. नावाला एक कंपनीही होती, पण तिचे हुकूम परस्पर सुटायचे.

त्या कंपनीचे सुभेदार निफाड तालुक्यातले होते. उंच, शिडशिडीत, सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. त्यांनी मला पहिल्या दिवशी हाक मारली ती "मेमसाब" अशी. मेमसाब म्हणजे साहेबाची बायको. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, मेमसाब कर्नलसाहेबांच्या बंगल्यात असतात. मी लेफ्टनंट आहे."

"जी," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मेमसाब, सही."

मी भांडले नाही. फक्त त्या हाकेला ओ देणं बंद केलं. ते समोर उभे राहून मेमसाब म्हणत आणि मी कागद वाचत बसे. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका सकाळी हजेरीचा कागद घेऊन ते टेबलापाशी उभे राहिले, दोनदा मेमसाब म्हणाले, घसा खाकरला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, सही करता का?" मी सही केली. दोघांनीही त्यावर पुढे कधी एक शब्द काढला नाही. पण त्या दिवसानंतर कंपनीचे हुकूम माझ्या टेबलावरून जाऊ लागले. ते त्यांनी कसं घडवलं हे मला आजही नीट माहीत नाही.

त्या हिवाळ्यात जनरलसाहेबांचा दौरा ठरला. तीन आठवडे आधीपासून डेपोचं काम थांबलं. थांबलं म्हणजे खरोखर थांबलं. जवानांचा गोळीबाराचा सराव होता, तो रद्द झाला. ट्रकची दुरुस्ती पुढे ढकलली. कर्नलसाहेबांच्या डोक्यात कारंजं आलं होतं. पन्नास जवान कुदळी-फावडी घेऊन कार्यालयासमोर खड्डा खणायला लागले. त्यात सिमेंटचे खडक रचायचे, मधोमध सिमेंटचा बगळा उभा करायचा आणि बगळ्याच्या चोचीतून पाणी उडवायचं. कारण जनरलसाहेबांच्या पत्नींना पक्षी आवडतात, अशी आतली खबर होती. कर्नलसाहेब खुर्ची टाकून उन्हात बसायचे आणि बगळ्याची मान किती वाकवायची ते हातातल्या छडीने दाखवायचे. मी त्यांना कुठल्याही लष्करी कामात इतकं एकाग्र झालेलं कधी पाहिलं नाही. बगळ्याची मान दोनदा मोडली. तिसऱ्यांदा आत सळई घातली, तेव्हा तो उभा राहिला.

दौऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बेटा, संध्याकाळच्या जेवणाला साडी नेसून ये."

"सर, बाकीचे अधिकारी युनिफॉर्ममध्ये येणार आहेत."

"ते पुरुष आहेत. युनिफॉर्ममध्ये बाई कडक दिसते. लेडीजबरोबर उभी राहा, जनरलसाहेबांच्या मेमसाबना सोबत होईल."

इथे मी बाणेदारपणे नकार दिला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी घरून आईची मोरपंखी साडी आणली आणि अधिकाऱ्यांच्या बायकांच्या रांगेत उभी राहिले. जनरलसाहेबांच्या पत्नी रांगेतून येत येत माझ्यापाशी थांबल्या आणि प्रेमाने विचारलं, "तुमचे मिस्टर कुठल्या युनिटला?"

"मीच या युनिटला आहे, मॅडम," मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. शेजारच्या बायकाही हसल्या, आणि अपमान गिळताना माणूस जसं हसतो तसं मीही हसले. जनरलसाहेबांनी कारंज्यासमोर दोन मिनिटं काढली. पाणी कुठून आणलं एवढं विचारलं. गोळीबाराच्या सरावाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि कर्नलसाहेबांनी सांगितलंही नाही. माझा तिरस्कार त्या रात्रीपासून पक्का झाला. त्यात थोडा माझ्या वाट्याचाही होता.

मग नव्व्याण्णवचा उन्हाळा आला आणि कारगिल सुरू झालं. नाशिक रोडच्या स्टेशनात तोफा लादलेल्या मालगाड्या उभ्या राहू लागल्या. गावातले लोक पेढे घेऊन यायचे, तोफांच्या नळ्यांना झेंडूच्या माळा घालायचे. बावीस-तेवीस वर्षांची मुलं डब्याच्या दारात बसून हात हलवायची. त्यातली काही परत आली नाहीत. हे सगळं खरं होतं आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही तुच्छता नव्हती, आजही नाही. म्हणूनच आमच्या डेपोत जे चाललं होतं ते बघवत नव्हतं.

कर्नलसाहेबांनी त्या महिन्यात रणांगणावरचा ठिपक्याठिपक्यांचा पोशाख घालून कार्यालयात यायला सुरुवात केली. लढाई हजार मैलांवर, बर्फात. आणि हे नाशिकच्या जूनमध्ये, कूलरच्या समोर, त्या जाड कापडात घामाघूम. भिंतीवर त्यांनी मोठा नकाशा लावला आणि टीव्हीवरच्या बातम्या ऐकून त्यात टाचण्या टोचायचे. त्या टाचण्यांबद्दल कुणीही, कुठूनही, त्यांना कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते आमच्यापुढे भाषण करायचे. "समजा, आपण आघाडीवरच आहोत!" आम्ही समजायचो.

आमचं खरं काम साधं होतं. छावणीतल्या तुकड्यांना आणि गाडीने निघालेल्या जवानांना रोजचा शिधा, भाजीपाला वेळेवर आणि चांगला द्यायचा. भाजीपाला तपासणारे मेजर दुसरीकडे पाठवले गेले, तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले, "हे बेटाकडे द्या. बायकांना भाजीतलं कळतं." सबंध कारकिर्दीत त्यांनी चुकून बरोबर घेतलेला हा एकच निर्णय असावा.

जूनच्या मध्यावर, दोन पाऊस होऊन गेल्यावर, ठेकेदाराचा कांद्याचा ट्रक आला. गोण्या बाहेरून कोरड्या होत्या. तोंड उघडून बघितलं तर वर लालबुंद, गोल, एकसारखा कांदा. मी पोरवयापासून मार्केट यार्डात दादांबरोबर बसलेली. इतका देखणा कांदा गोणीच्या तोंडाशी दिसला की गोणीच्या पोटाबद्दल शंका घ्यायची असते. मी सुभेदारांना म्हटलं, "मधल्या चार गोण्या काढा आणि ताडपत्रीवर ओता."

ओतल्या. वास आधी आला. काजळी चढलेले, कोंब फुटलेले, बोटाने दाबले तर आत जाणारे. उरलेली नुसती चिंगळी, गोट्यांएवढी. आणखी सहा गोण्या ओतल्या. तेच.

ठेकेदाराचा मॅनेजर सोबत होता. इस्त्रीचा शर्ट, गॉगल. म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात माल असाच येतो. रेग्युलर आहे हे. मेजरसाहेब काही म्हणायचे नाहीत."

"माझ्या वडिलांचा माल रोज यार्डात जातो," मी म्हटलं. "हा तिथं ओतला असता तर व्यापाऱ्याने बोलीसुद्धा लावली नसती. ट्रक परत न्या."

तो दूर जाऊन गेटवरच्या फोनशी उभा राहिला. वीस मिनिटांत कर्नलसाहेबांची जीप आली. खाली उतरले तेव्हा ठिपक्यांच्या पोशाखाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता. हमालीसाठी आलेले चाळीसेक जवान सावधान झाले.

"काय चाललंय इथे?"

"सर, माल नापास केलाय."

"किती?"

"सगळा."

त्यांनी आवाज मऊ केला. तो त्यांचा मऊ आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त खुपायचा. "बेटा, देश युद्धात आहे. आणि तू इथे बाजारातल्या बाईसारखी कांदे निवडत बसलीस?"

"युद्धावर चाललेल्यांनाच हे खायचे आहेत, सर."

"थोडंफार चालवून घ्यावं लागतं. माल उतरवून घे."

"लेखी हुकूम द्या, सर. लगेच उतरवते."

"माझा शब्द पुरत नाही तुला?"

"पावतीवर माझी सही आहे, सर. शब्द तुमचा असेल तर सहीही तुमचीच असू दे."

हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. साडीचा प्रसंग आणि त्या दिवसाच्या मध्ये सहा महिने गेले होते, आणि त्या सहा महिन्यांत मी आरशात फार कमी वेळा बघितलं होतं, एवढंच. पुन्हा तसं घरी जायचं नव्हतं.

कर्नलसाहेबांनी माझ्यावरून नजर काढली आणि सुभेदारांकडे वळले. "साहेब, तुम्ही शेतकरी माणूस. पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलीत. मॅडमना जरा समजावून सांगा. हा कांदा चालतो की नाही?"

सुभेदारांची निवृत्ती वर्षभरावर आली होती. एक हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. ते वाकले, ताडपत्रीवरचा एक कांदा उचलला, मुठीत धरून दाबला. काळं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. ते हिंदीत बोलायला गेले, थांबले आणि सरळ गावच्या बोलीत म्हणाले, "साहेब, मी निफाडचा हाय. ह्याला कांदा म्हन्लं तर माझी माय मला उंबऱ्यात उभी करनार नाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मराठी न कळणारे जवानही हसले, कारण मनगटावरून ओघळणारं ते पाणी सगळ्यांनाच कळत होतं.

आणि मग मी नेतृत्व म्हणजे काय ते पाहिलं. कर्नलसाहेब एक क्षण गोरेमोरे झाले. दुसऱ्या क्षणी त्यांनी छाती पुढे काढली, मॅनेजरकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "ट्रक परत न्या! माझ्या डेपोत असला माल चालणार नाही!" मॅनेजरचं तोंड उघडंच राहिलं. जीप धूळ उडवत निघून गेली. इतक्या सफाईने पळून जाऊन वर विजय मिरवणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगल्या कांद्याचा ट्रक आला. म्हणजे चांगला कांदा मिळत होता. कुणीतरी फक्त परत पाठवायला हवं होतं.

त्याची किंमत महिन्याभरात वसूल झाली. सुभेदारांची राजस्थानातल्या एका वाळवंटी ठाण्यावर बदली झाली. निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या माणसाला साधारणपणे घराजवळ ठेवतात. ती सवलत त्यांना मिळाली नाही. मी नाशिक रोडला त्यांना पोचवायला गेले. पत्र्याची काळी पेटी, वळकटी, आणि शेजारी गप्प उभी असलेली त्यांची बायको.

"सुभेदारसाहेब, हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुमच्यामुळं कशाला? कांदा काय तुमच्यामुळं सडला व्हता?"

"तुम्ही हो म्हणायला हवं होतं."

ते जरा चिडलेच. "म्हन्जे तुमी नाय म्हनायचं आन मी व्हय म्हनायचं? कंपनी एक हाय का दोन?" गाडी हलली तेव्हा ते दारात सावधान उभे राहिले. साध्या कपड्यात होते, त्यामुळे सॅल्यूट नव्हता. मी ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर होते.

कर्नलसाहेबांनी लिहिलेला माझा गोपनीय अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: कष्टाळू, नीटनेटकी, पण भावनाप्रधान. दबावाखाली निर्णय घेण्याची क्षमता मर्यादित.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी आजवर घरीही सांगितलेली नाही. लढाई संपल्यावर कर्नलसाहेबांचं नाव प्रशस्तीसाठी पाठवायचं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. मला बोलावून म्हणाले, "तुझं इंग्रजी चांगलं आहे, बेटा. मसुदा तू लिही." मी लिहायला बसले. अखंड पुरवठा, कणखर नेतृत्व, वगैरे. ते वाचून म्हणाले, "आणि तो कांद्याचा ट्रक? तोही घाल. निकृष्ट माल नाकारण्याचा निर्णय." मी त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. मला तेव्हा कळलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या आठवणीत तो निर्णय खरंच त्यांचा झाला होता. मी ते वाक्य लिहिलं. व्याकरणशुद्ध, सुबक हस्ताक्षरात. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, आणि दोन वर्षांनी बढतीही.

माझी दहा वर्षं दोन हजार पाच साली भरली. माझ्या हाताखाली शिधा मोजायला शिकलेली दोन पोरं कायम झाली. मला कायम होण्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता, कारण बायकांसाठी तशी तरतूद नव्हती. दिल्लीतल्या कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ठरवलं होतं की बाई दहा वर्षं सैन्याच्या उपयोगाची असते, अकराव्या वर्षी नसते. निवृत्तिवेतनाला वीस वर्षं लागतात. मी निरोपाचं जेवण जेवले, एक चांदीची थाळी घेतली आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मखमलाबादला परत आले. दादांनी विचारलं, "काय चुकलं का काय तुझ्या हातून?" त्यांना धोरण म्हणजे काय ते समजावून सांगता सांगता मलाच हसू आलं. पुढे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं भांडार माझ्याकडे आलं. तिथे अकराव्या वर्षाबद्दल कुणी विचारलं नाही.

कर्नलसाहेबही निवृत्त होऊन नाशिकलाच स्थायिक झाले. गंगापूर रोडच्या बाजूला बंगला. आता ते ब्रिगेडियर होते, आणि संरक्षणतज्ज्ञ. एका पेपरात दर रविवारी चीन काय करणार आहे ते लिहायचे. कॉलेजांतून 'नेतृत्व' या विषयावर व्याख्यानं द्यायचे. एका कॉलेजने त्यांच्याबरोबर मलाही व्यासपीठावर बोलावलं, स्थानिक माजी महिला अधिकारी म्हणून. आयोजकांना आमची ओळख माहीत नव्हती. मी का गेले? उत्सुकता. माणूस सापाचं बीळसुद्धा वाकून बघतो.

तासभर ते बोलले. चारित्र्य, धैर्य, जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेणं. पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी छात्रसेनेच्या गणवेशातली एक मुलगी उठली. "सर, मुलींना लढाऊ तुकड्यांत का घेत नाहीत? आणि कायम का करत नाहीत?"

तेच मऊ हसू. "बेटा, मी स्वतः महिला अधिकाऱ्यांना पुष्कळ वाव दिलाय. ह्या मॅडम साक्षीला आहेत. अडचण आमची नाही. आपला जवान खेड्यातून येतो. घरात त्याने बाईला हुकूम देताना पाहिलेलं नसतं. बाईचा हुकूम मानायची त्याची मानसिकता नाही. धोरण ठरवताना हे बघावं लागतं."

मी समोरचा माईक ओढला. काही ठरवलं नव्हतं. "साक्ष देते," मी म्हटलं. "माझ्या कंपनीत सव्वाशे जवान होते, सगळे खेड्यातले. एकानेही माझा हुकूम मोडला नाही. मला युनिफॉर्म काढून साडी नेसायला लावणारा जवान नव्हता आणि खेड्यातलाही नव्हता. तो माझा कमांडिंग ऑफिसर होता. स्वतःच्या मनातलं जवानाच्या नावावर खपवायचं, ह्यालाच धोरण म्हणतात."

प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे सावधान उभे राहिले, तेही, मीही. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अजून तशीच भावनाप्रधान आहेस, बेटा." मी बशीतलं बिस्किट खाल्लं. मला त्यांचा राग आला नाही. ज्याचा राग यावा इतकाही तो माणूस मोठा नव्हता, हे त्या क्षणी उमगलं आणि फार हलकं वाटलं.

पण घरी आल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. सव्वाशे जवानांच्या वतीने मी साक्ष दिली होती. त्यांना कुणी विचारलं होतं? पुढच्या रविवारी मी एसटीने निफाडला गेले आणि विचारत विचारत सुभेदारांच्या मळ्यावर पोचले. ते द्राक्षाच्या मांडवाखाली फांद्या बांधत होते. केस पूर्ण पांढरे, बाकी तसेच. मला बघून हात धोतराला पुसले आणि ताठ उभे राहिले.

बाजेवर बसून मी व्याख्यानाची सगळी हकीकत सांगितली. मग विचारलं, "खरं सांगा. माझा हुकूम मानायला जड गेलं होतं?"

"गेलं की," ते लगेच म्हणाले. "लय जड गेलं. पहिलं दोन महिनं तर मेसमधी बाकीचे सुभेदार मला इचारायचे, काय, आज बाईनं काय शिजवाया सांगितलं? मी काय बोलनार?"

माझा चेहरा पडला असावा.

"आवो, पर जड कशाला जात नाय?" ते म्हणाले. "भरती झालो तवा बूट जड गेले. टाचा फुटल्या. म्हनून काय सरकारनं सैन्याला चपला दिल्या? चार दिस चावत्यात, मग पायाला बसत्यात. आमाला बसले. त्या साहेबलोकान्ला कधी घालूनच बघायचे नव्हते."

त्यांची बायको चहा घेऊन आली होती. स्टेशनावर एक शब्द न बोललेली ती बाई. तिने सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देत म्हणाली, "कोन म्हनतं गावची मानसं बाईचं ऐकत्यात? ह्यान्ला म्हनावं, कालपास्न सांगते पंपाचा नट आवळा, तर अजून आवळला का?"

"हे बघा," सुभेदार म्हणाले, "ह्या बाबतीत मातुर तुमच्या कर्नलचं थोडं खरं हाय," आणि पान्हा शोधायला उठले.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. सुभेदारीणबाईंनी मला आग्रहाने जेवायला बसवलं. बाहेर विहिरीजवळ पंप दोनदा खोकून चालू झाला आणि पाटात पाणी धावू लागलं.